दिलेला मुलगा

घरात इंग्रजी येणारा मी एकटा होतो, आणि याचा मला आयुष्यभर ताप झाला. कुणाला रेल्वेची नोटीस आली, कुणाच्या औषधाच्या बाटलीवर काही छापलेलं असलं, की "गुरुजीले दाखव" म्हणून माणसं माझ्या दारात. त्यामुळे एका दुपारी आत्या सौंसरच्या बसमधून उतरली आणि कापडी पिशवी छातीशी धरून पांढुर्ण्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीत येऊन बसली, तेव्हा काही न विचारताच मी समजलो की यंदाची उन्हाळ्याची सुटी गेली. एकच सुटी गेली असती तर मी तक्रार केली नसती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सौंसरच्या शिवारात तिची संत्र्याची बाग होती. झाडांना ताण कधी द्यायचा, पाणी कधी सोडायचं, बहार कोणत्या व्यापाऱ्याला विकायचा, सगळं तीच ठरवायची. पण कागदावर बाग तिच्या नवऱ्याची होती. आणि नवरा, म्हणजे आमचे आतोबा, लढाईच्या काळात नौदलात अधिकारी होऊन गेले ते परतलेच नव्हते. मेले म्हणून कुणी कळवलं नाही, जिवंत आहेत असंही नाही. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, मालगुजारी गेली, नागपूर आमच्यापासून तुटून मुंबईकडे गेलं आणि आम्ही नव्या मध्यप्रदेशात राहिलो. आत्याच्या कपाळावरचं कुंकू मात्र होतं तसंच होतं.

"नोटीस आली गा," ती म्हणाली. "भाऊबंद म्हणून राहिले, बाग त्याईची हाय."

हे भाऊबंद म्हणजे तिचा चुलत दीर. त्याचं म्हणणं वाचून माझं डोकं फिरलं, पण वाचायला सोपं होतं. आतोबा सौंसरच्या घरात जन्मलेले नव्हते. त्यांचा जन्म रामाकोन्याचा. वडील लवकर गेले, आईच्या पदरी दोन मुलं, घरात खायची पंचाईत. सौंसरच्या बागवाल्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा रामाकोन्याच्या त्या बाईने आपला धाकटा मुलगा त्यांना दत्तक दिला. मुलगा तेव्हा चांगला जाणता होता, शाळेत जायचा. आता ते बागवाले नवराबायको दोघंही मरून गेलेले, समारंभाला असलेली माणसं मेलेली, आणि दत्तकपत्र कुणी केलेलंच नव्हतं. आमच्याकडे कोण करत होतं? मूल ओटीत घातलं, साखर वाटली, आहेर झाले, की झालं दत्तक. चुलत दीर म्हणत होता, दत्तक झालंच नाही, पोरगा नुसता सांभाळायला आणला होता, तो परागंदा आहे, म्हणून बाग रक्ताच्या पुतण्याला मिळावी.

सगळ्या सौंसरला माहीत होतं की दत्तक झालं. पण सगळ्या सौंसरला माहीत असणं आणि तहसिलीला माहीत असणं यांत फार अंतर असतं. पटवाऱ्याने आत्याला सरळ सांगितलं होतं: नवरा जिवंत असेल तर त्याला उभा करा, मेला असेल तर तसा कागद आणा, म्हणजे बाग तुमच्या नावावर चढेल. दोन्ही नसेल तर मी काय लिहू? तोवर व्यापारीही बहार घ्यायला तयार होईनात. वादातल्या बागेची संत्री कोण घेणार?

आत्याला बाग हवी होती. तिला मूल नव्हतं, माहेरी आम्ही सगळे आपापल्या पोटापाठी. बाग गेली असती तर ती कुणाच्या तरी घरात भाकऱ्या थापायला राहिली असती, आणि ते कुणाचं घर म्हणजे बहुतेक माझंच. मी हे मोठेपणाने सांगत नाही. मला ते नको होतं आणि तिलाही नको होतं.

म्हणून मी निघालो. आधी सौंसर. तिथल्या बाबूने सांगितलं, दत्तकाची नोंद असलीच तर जमीन-बंदोबस्ताच्या जुन्या मिसलीत, म्हणजे फायलीत, आणि ती छिंदवाड्याला. छिंदवाड्याच्या बाबूने सांगितलं, तिची नक्कल नागपूरला असेल. मी सौंसरहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसून नागपूरला गेलो. गाडी इतकी सावकाश चालायची की माणसं उतरून लघवी करून परत चढत. मी नागपूरला शिकायला असताना तिथल्या दफ्तरातले जे लोक आमच्याच सरकारचे होते, ते आता म्हणाले, "तुमचा जिल्हा आमच्याकडे नाही, गुरुजी. भोपाळला विचारा." भोपाळला लिहिलं तर उत्तर आलं की नागपूरचं दफ्तर अजून पोचलेलं नाही. ते कुठल्या तरी मालडब्यात पडलं असेल, कुणाला माहीत. मधल्या काळात सौंसरच्या तहसिलीत जबलपूरकडचा नवा बाबू आला. माझा मराठी अर्ज त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मास्साब, हिंदी में लिखकर लाइए." मी पाचवीच्या मुलांना हिंदी शिकवत होतो, पण त्या दिवशी मला त्या भाषेचा राग आला. भाषेची काय चूक? उन्हात उभं राहून माणूस कुणावरही रागावतो.

नौदलाकडे चौकशी झाली नव्हती असं नाही. लढाई संपल्यावर आत्याच्या सासऱ्याने एका वकिलाकडून पत्र घातलं होतं. उत्तर आलं, या नावाचा अधिकारी आमच्याकडे कधीच नव्हता. त्या उत्तराने घर खचलं. मग गावात ज्याच्या तोंडाला येईल तो ते बोलू लागला. कुणी म्हणे रंगूनला मड्डम केली, कुणी म्हणे मुंबईला नौसैनिकांचं बंड झालं त्यात सापडला, कुणी म्हणे तो नेव्हीत गेलाच नव्हता, थापा मारत होता. आत्या म्हणायची, "थापा मारत होता तर ते टोपीवालं कापड कोठून आणलं होतं?" तिने त्यांना गणवेशात दोनदा पाहिलं होतं, सुटीवर आले तेव्हा. तिला लिहिता येत नव्हतं. जाताना ते इंग्रजीत पत्ता घातलेली पाकिटं तिच्याजवळ ठेवून गेले होते. शाळामास्तराकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या, पाकिटात घालायच्या आणि टाकायच्या. पाकिटं संपली आणि पत्ताही संपला. त्यावर काय नाव होतं ते तिने कधी पाहिलं नाही, पाहून तिला कळलंही नसतं.

मीही नव्याने नौदलाला लिहिलं. मलाही तेच उत्तर आलं. या नावाचा अधिकारी नाही. मी ते पत्र घडी करून पेटीत टाकलं आणि आत्याला म्हणालो, आता सोड. ती पिशवी उचलून सौंसरच्या बसला निघून गेली. तिचं ते निघून जाणं मला फार लागलं. मीही माणूस होतो, थकलो होतो.

उलगडा झाला तो माझ्याच शाळेत, आणि तोही मी दुसऱ्या माणसावर खेकसत असताना. जाम नदीपलीकडच्या सावरगावचा एक शेतकरी आला होता. त्याने भावाचा मुलगा दत्तक घेतला होता आणि शाळेत मुलाच्या नावापुढे आपलं नाव लावून हवं होतं. मी म्हणालो, बाबा, पहिल्या दिवशी दाखल करताना जे नाव लिहिलं तेच दाखल्यावर येतं, तेच मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर, आणि त्यावरच नोकरी लागते. तुम्ही घरी त्याला काहीही म्हणा. सरकारात तो जन्माच्या बापाचाच राहील. तो शेतकरी बिचारा हात जोडून उभा, आणि मी बोलता बोलता थांबलो.

आतोबा दत्तक गेले तेव्हा शाळेत जात होते. त्यांचं नाव रामाकोन्याच्या शाळेत आधीच लिहिलं गेलं होतं. ते बदलायला कोण गेलं असेल? कुणीही नाही. आणि आम्ही सगळे इतकी वर्षं त्यांना दत्तकातल्या नावाने शोधत होतो. जन्माचं नाव कुणाच्याही तोंडातून आलं नाही, कारण आमच्याकडे ते येतच नाही. दत्तक घरात मुलाचं जुनं नाव घेणं म्हणजे त्या घराचा अपमान. एकदा मूल दिलं की ते नाव मेलं, असंच सगळे धरून चालतात. जमिनीच्या कागदावर एक माणूस आणि नौदलात दुसरा, आणि दोघेही आतोबाच.

त्या शेतकऱ्याला मी चहा पाजला. तो गोंधळून प्यायला.

रामाकोन्याच्या शाळेत त्यांचं नाव पाहून घेतलं आणि पुन्हा पत्र टाकलं. या वेळी उत्तर यायला एक अख्खा पावसाळा गेला, पण आलं. टंकलेखनातलं, कोरडं, सही न वाचता येणारी. अमुक अमुक, वडील अमुक, राहणार रामाकोना, लढाईच्या काळात नौदलात अधिकारी, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे कामावर असताना मृत्यू. आणि खाली एक ओळ: अधिकाऱ्याने निकटचे नातेवाईक म्हणून आईचं नाव दिलेलं होतं, व तिला त्याच वेळी तारेने कळवण्यात आलं होतं.

ती शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मृत्यूची ओळ वाचून मला वाईट वाटलं, पण ते अपेक्षित होतं. ही ओळ वाचून मी संतापलो. रामाकोन्याची ती म्हातारी जिवंत होती. सौंसरपासून अवघ्या काही कोसांवर, छोट्या गाडीच्या स्टेशनामागे राहत होती. थोरला मुलगा रेल्वेत लागून इटारसीकडे गेलेला, ती एकटीच घर धरून. सगळे तिला रामाकोन्याची माय म्हणत. तिला माहीत होतं. आत्या इतकी वर्षं दर शुक्रवारी उपास धरत होती, दर संक्रांतीला बांगड्या भरत होती, आणि हिला माहीत होतं!

मी आत्याला न सांगता थेट रामाकोन्याला गेलो. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी पाणीही घेतलं नाही. विचारलं, "माय, तुला तार आली होती?"

तिचे हात थांबले नाहीत. "आली होती," ती म्हणाली. "स्टेशनमास्तरनं वाचून दाखवली."

"मग सांगितलं का नाहीस? त्या बाईच्या जन्माचं काय झालं, काही कल्पना आहे तुला?"

"मी काय सांगू बाप्पा? पोट्टा त्याईचा होता. मी देऊन टाकला होता." तिने शेंग बाजूला ठेवली. "सरकारनं मले कळवलं, म्हटलं त्याईले तं आधीच कळवलं असंन. मेल्याची खबर त्याईच्या घरची. मी कोण सांगणारी?"

ती सांगत राहिली, तशीच खाली बघत. तार आल्यावर तिने विहिरीवर आंघोळ केली. दिलेल्या मुलाचं सुतक जन्माच्या आईला तेवढंच असतं, थोडकं. मोठ्याने रडायचंही नाही, कारण शेजाऱ्यांनी विचारलं असतं, कोण गेलं? थोड्या दिवसांनी तिला राहवलं नाही. सुनेला एकदा पोटाशी धरावं म्हणून ती सौंसरला चालत गेली. बागेच्या कुंपणाशी पोचली तर आत्या ओट्यावर कासाराकडून हिरव्या बांगड्या भरून घेत होती. कपाळाला ठसठशीत कुंकू.

"मले वाटलं, त्याईले माहीत हाय," माय म्हणाली. "मले वाटलं, भाऊबंद बाग गिळतीन म्हणून सासऱ्यानं सुनेले सांगितलं असंन, कुंकू पुसू नको, कोणाले कळू देऊ नको. म्हटलं, शायनी हाय पोरगी. आपण तोंड उघडलं तं तिचं नुकसान. मी तशीच मागं फिरली."

"आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं. लग्नाकार्यात भेटे तं तिच्याकडं पाहो ना मी. रडू येईन म्हणून."

आणि आत्या मला नेहमी सांगायची, रामाकोन्याची माय फार ताठ, लग्नात समोर आली तरी मान वळवते, दिलेल्या पोराचं काही सोयरसुतक नाही तिला. मी तिथे उंबऱ्यावर बसलो. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. त्या जागी नुसता थकवा उरला. दोन बायका, दोघींनाही तोंड होतं, मध्ये फक्त काही कोसांचा रस्ता, आणि रीतीप्रमाणे वागण्यात दोघींचंही काही चुकलं नव्हतं. मायने मला ताकाचा पेला दिला. या वेळी मी घेतला.

आत्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. बागेत होती ती. मी पत्र वाचून दाखवलं, मग मायचं सगळं सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटलं ती किंचाळेल, पण ती एका झाडाच्या आळ्याशी बसली आणि पालापाचोळा वेचू लागली. बराच वेळ वेचत राहिली.

"म्हणजे तवाच गेला," ती म्हणाली. "पाकिटं संपली तवाच."

"हो."

"अन् नाव कोणाचं दिलं होतं त्यानं? माह्यं नाही?"

मी म्हणालो, आईचं. तिने मान हलवली. मी बावळटासारखं काहीतरी समजावायला लागलो, की शाळेच्या दाखल्यावरून त्यांनी फॉर्म भरला असेल, त्यात आईचंच नाव बसलं असेल. तिने मला हाताने थांबवलं. "ते मले समजते. दहा-अकरा वर्षांचं पोर घरातून काढून दुसऱ्याच्या घरी टाकलं. ते कोणाचं नाव देईन?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आजच्या दिवस राहू दे कुंकू. उद्या पुसतो. मी तयार नाही गा आज."

दुसऱ्या दिवशी तिने पुसलं. ती मला न सांगता एकटी रामाकोन्याला गेली. तिथे दोघींचं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी फक्त एवढं पाहिलं की त्यानंतर माय सौंसरला येऊन राहू लागली, दोन दोन दिवस.

मला वाटलं, सुटलो. मृत्यूचा कागद हातात आला, आता बाग आत्याच्या नावावर चढेल. पत्र घेऊन सौंसरच्या वकिलाकडे गेलो. म्हातारा, पान खाणारा, जुना माणूस. त्याने पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "गुरुजी, हे तुम्ही काय आणलं?"

"मृत्यूचा पुरावा."

"मेला हे सिद्ध होते. पण यात बापाचं नाव काय लिहून हाय? रामाकोन्याचं. अन् जवळचं माणूस कोण? रामाकोन्याची माय. तुमचा आतोबा सोताच सांगून राहिला की मी दत्तक गेलोच नाही! समोरचा वकील हे वाचून नाचन."

मी खुर्चीत मागे रेललो. मला हसू आलं, ते वाईट हसू. जो कागद शोधायला मी तीन सरकारं पालथी घातली, त्या कागदाने नवरा मेला म्हणून सांगितलं, आणि त्याच तोंडाने तो त्या घरचा नव्हता असंही. कागद दिला नाही तर बाग परागंदा माणसाची. दिला तर बाग भाऊबंदांची. मला खरंच वाटलं, जाळून टाकावा.

"एकच रस्ता हाय," वकील म्हणाला. "देणारी अजून जित्ती हाय. बापाच्या माघारी आईनंच दिला ना? मंग तिनं कचेरीत येऊन सांगावं, मी माह्या हातानं दिला. पण सांगावं लागन पुरं. अर्धवट नाही चालणार. तो आता माहा कोणी नाही, असं सांगावं लागन. नाही तं हा कागद तिलेच आई ठरवते."

हे मायला कोण सांगणार? अर्थात मी. माझ्याशिवाय या घराला दुसरं होतं कोण? मी रामाकोन्याला गेलो आणि सरळ सांगितलं, आडवळण न घेता. मला आडवळणाचा कंटाळा आला होता. मी तिला हेही सांगितलं की सरकारच्या सगळ्या दफ्तरांत तो तिचा आहे असं लिहिलेला हा एकच कागद आहे, आणि तो खोटा आहे असंच जवळजवळ तिला सांगावं लागेल. तिच्यापासून ते लपवणं मला बरं वाटलं नाही.

तिने विचारलं, "नाही सांगितलं तं बाग जाईन?"

"जाईल."

"मंग येतो."

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, आदल्या रात्री आम्ही मायकडेच राहिलो आणि सकाळी तिघं एकाच बसमधून सौंसरला उतरलो. आत्या कपाळ मोकळं करून पहिल्यांदाच सौंसरच्या बाजारातून चालत होती. ओळखीचे लोक बघत आणि नजर काढून घेत. तहसिलीच्या आवारात लिंबाखाली आम्ही दुपारपर्यंत ताटकळलो. चुलत दीर समोरच्या बाकावर विडी ओढत बसला होता. त्याने मायला नमस्कार केला. तिनेही केला. आमच्याकडे भांडणातही नमस्कार चुकत नाही.

पुकारा झाला. तहसीलदार मराठी समजणारे होते, बाबू हिंदीत लिहून घेत होता. मायने शपथ घेतली आणि सांगितलं: नवरा मेल्यावर दोन पोरं होती. धाकटा सौंसरच्या घरी दिला. माह्या मांडीवरून उचलून त्या माउलीच्या ओटीत घातला. साखर वाटली. तिनं त्याले जवळ घेतलं, तो रडे, माह्याकडे येऊ पाहे. मी पाठ केली.

समोरचा वकील तरुण होता, हुशार होता. त्याने नौदलाचं पत्र हातात घेतलं. "बाई, ह्या सरकारी कागदावर लिहून हाय की तुम्ही त्याची आई. खोटं हाय का हे?"

"जन्म मी दिला."

"ते नाही इचारत. आई कोण?"

मायने तहसीलदारांकडे पाहिलं. मी तिच्या मागे उभा होतो. "आई ते, जिच्या ओटीत घातला," ती म्हणाली.

"मंग त्यानं तुमचं नाव कायले देलं?"

"त्याची चूक झाली."

"म्हणजे तुमचं त्याच्याशी काहीच नातं नाही?"

आमच्या वकिलाने हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण तहसीलदारांनी हात वर केला. त्यांनाही ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. बाबूची लेखणी थांबली. वऱ्हांड्यातल्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

"नाही," माय म्हणाली. "काही नातं नाही."

बाबूने लिहिलं. मग बयान वाचून दाखवलं, हिंदीत. तिला हिंदी चांगली समजत नव्हती, पण "कोई रिश्ता नहीं" तिला समजलं. तिने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि जिथे दाखवलं तिथे उठवला. आत्या दारातच उभी होती. ती तोंडात पदर कोंबून रडत होती. मी कचेऱ्यांमध्ये इतका वेळ काढला होता की मला रडूही आलं नाही. फक्त वाटलं, आता कुठेतरी जाऊन झोपावं.

निकाल पुढे काही महिन्यांनी आला, आणि बाग आत्याच्या नावावर चढली. चुलत दीर अपिलात गेला, हरला, आणि मग एका लग्नात आत्याच्या पंगतीला येऊन जेवला. बहार पुन्हा व्यापाऱ्याने घेतला. हे सगळं व्हायचं तसं झालं. पण मला त्या दिवसाचं आठवतं ते निकालाचं नाही.

बयान झाल्यावर आम्ही बसची वाट पाहत उभे होतो. आत्या पाणी आणायला गेली होती. माय अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत होती, ती निघत नव्हती. तिने विचारलं, "तो कागद आता भेटते का परत?"

"नाही, माय. तो मिसलीत लागला. आता तो कचेरीचा."

"बरं." तिने पुन्हा अंगठा लुगड्याला घासला. "तू वाचला होता ना? त्याच्यात त्यानं मले आई लिहिलं होतं?"

"हो."

"आपल्या हातानं लिहिलं होतं का?"

आतोबांनी भरलेला तो फॉर्म मी कधीच पाहिला नव्हता. मी पाहिलं होतं ते कुठल्याशा कारकुनाने यंत्रावर बडवलेलं पत्र. त्यांनी तो आपल्या हाताने भरला, की भरतीच्या रांगेत बसलेल्या कुणा बाबूने शाळेच्या दाखल्यावरून उतरवून घेतला, हे मला माहीत नव्हतं आणि आता कुणालाच कळणार नव्हतं.

"हो, माय," मी म्हणालो. "आपल्या हातानं."